मर्यादा तीस, रीडिंग शहाण्णव

५ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ७.४०

घडलं ते लगेच लिहून ठेवलेलं बरं. नंतर आठवणीवर विसंबायला नको. लॅबमध्येही मी तसंच करते.

दुपारी चार वाजून बावीस मिनिटांनी आमची गाडी पोलिसांच्या बॅरिकेडला टेकली. धडकली नाही, टेकली. बॅरिकेड आडवं पडलं ते त्याचं एक चाक आधीच तुटलेलं होतं म्हणून. आई गाडीत होती, तिला डायलिसिसहून घरी आणत होते. तिला काहीही लागलं नाही.

त्याआधी दुपारी लॅबमधल्या स्टोअरच्या बाईंच्या निरोपाचं जेवण होतं. दोन ग्लास वाइन घेतली. पण घेण्याआधी मेनूकार्डाखालच्या कागदावर हिशेब केला होता: माझं वजन, वाइनची टक्केवारी, मधले तास. चार वाजता शंभर मिली रक्तात सव्वीस मिलीग्राम येत होते. कायद्याची मर्यादा तीस. म्हणून गाडी काढली. नाहीतर काढली नसती, मी तशी नाही.

हवालदाराने मशीनमध्ये फुंकायला लावलं. शहाण्णव. मी म्हटलं हे शक्य नाही, पुन्हा घ्या. त्याने घेतलं. पुन्हा शहाण्णव. मग मी त्याला समजावून सांगितलं की एखादं उपकरण दोनदा तोच आकडा दाखवतं म्हणजे ते बरोबर आहे असं नव्हे, ते सातत्याने चूकही असू शकतं. तो सगळा वेळ माझ्या पायांकडे बघत होता. (एक चप्पल गाडीत राहिली होती.)

लायसन्स जमा करून पावती दिली. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत गाडी चालवायची नाही. आईचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार. नेणारी आणि आणणारी मी एकटी. तेव्हा लायसन्स परत मिळवणं हे आता या घरातलं एकमेव काम, आणि ते मी करणार.

टॅक्सीत आई खिडकीला डोकं टेकून बसली. डायलिसिसनंतर ती दमलेलीच असते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दुरुस्ती: कालच्या नोंदीत 'दोन ग्लास' ऐवजी 'तीन' वाचावे. सही केली आहे.

खाडाखोड करायची नाही हे मला आईने शिकवलं. सातव्या वर्षापर्यंत मी शाळेत गेलेच नाही, लोकांची भीती वाटायची. आईने स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला लिहायला-वाचायला आणि गणितं शिकवली. खोडरबर घरात नव्हतं. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, बाजूला बरोबर लिहायचं आणि चूक दिसत राहू द्यायची. लॅबमध्ये नोकरीला लागले तर तिथे हाच नियम. साहेब समजावून सांगायला लागले तेव्हा मी म्हटलं, सर, हे मला पाचव्या वर्षापासून येतं.

आमची लॅब उपकरणं तपासून दाखले देते. वजनकाटे, प्रेशर गेज, थर्मामीटर, आणि पोलिसांची ही फुंकायची मशीनंसुद्धा. मशीनं ढापण्याकडे असतात. ढापण्या म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा. चष्म्यामुळे नाव पडलं. मला सगळे मिलीग्राम म्हणतात. मी ते कौतुक समजते.

आता मुद्दा. ढापण्या घाईत असला की मागच्या वर्षीचे आकडे शेवटचा अंक बदलून उतरवतो. हे फक्त मला माहीत आहे. म्हणजे ते मशीन न तपासताच रस्त्यावर आलं असणार. जवळजवळ सिद्ध झाल्यासारखंच आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

टॅक्सी उशिरा आली. आई वीस मिनिटं उशिरा पोचली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, तुमच्या वीस मिनिटांसाठी मागच्या तिघांना तंगवत ठेवायचं का. परत येतानाही टॅक्सी मिळेना. आई बाकावर पस्तीस मिनिटं बसली, हातावरची पट्टी दाबून धरून.

डायलिसिस केंद्राची एक व्हॅन आहे, पेशंटना घरी सोडते. सिस्टरनी तिचं नाव काढलं, आईने लगेच मान डोलावली. मी नको म्हटलं. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे, त्यासाठी सवयी कशाला बदलायच्या.

निश्चय: निकाल लागेपर्यंत एक थेंबही नाही. गरज आहे म्हणून नव्हे. तत्त्व म्हणून.

१० फेब्रुवारी, मंगळवार

वकिलांकडे गेले. झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली, फायलींवर फायली, आणि त्यांच्यावर वकिलांचा जेवणाचा डबा. त्यांनी पावती वाचली आणि सांगितलं की गुन्हा कबूल करा, पहिलीच वेळ आहे, दंड होईल, सहा महिने लायसन्स जाईल, विषय संपेल.

मी म्हटलं, सहा महिने म्हणजे आईच्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्या. आणि जे केलंच नाही ते कबूल कसं करायचं.

त्यांनी विचारलं किती घेतली होती. मी तीन सांगितले. त्यांनी वहीत सहा लिहिले. म्हणाले, लोक आम्हाला निम्मं सांगतात, रागावू नका, डॉक्टरलाही तसंच सांगतात.

मग मी त्यांना मशीन, तपासणी, दाखला हे सगळं समजावलं. पहिल्यांदाच त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं. मशीनच्या दाखल्याची प्रत मागवणारा अर्ज आजच करणार आहेत. निघताना म्हणाले, तुमच्यासारखा अशील मिळाला तर वकिलाचं कामच उरत नाही. बरं वाटलं.

दुरुस्ती: त्या दिवशी ढापण्याने त्याचा ग्लास अर्धा टाकला होता, तोही मी संपवला. वाया जाऊ नये म्हणून. साडेतीन.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज टॅक्सी वेळेवर. आई आत गेल्यावर घरी येऊन साठ मिली घेतली. झोप नीट लागत नाहीये आणि न झोपलेल्या माणसाच्या हातून चुका होतात. लॅबमधून बाद झालेला मोजपात्राचा एक नग माझ्याकडे आहे, काठाला टवका गेलाय म्हणून बाद, मापाने अचूक. लोक अंदाजाने ओततात, तिथेच सगळा घोटाळा होतो.

दोनदा भरला. माप दोन्ही वेळा अचूक होतं.

आईला घ्यायला जायला थोडा उशीर झाला. ती व्हॅनने घरी आली होती.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी

दाखल्याची प्रत आली. वकिलांनी फोनवर पाठवली.

मशीनचा क्रमांक बरोबर. तपासणीची तारीख १२ जानेवारी. लॅब आमचीच. सही माझी.

रजिस्टर पाहिलं. १२ जानेवारीला ढापण्या रजेवर होता, मुलीच्या शाळेत काहीतरी होतं. त्याच्या मशीनांची पेटी माझ्याकडे आली होती. आकड्यांचा कागदही सापडला. दहा रीडिंग, प्रत्येक तीनदा. एके ठिकाणी आकडा चुकलाय, त्यावर एक रेघ, बाजूला बरोबर आकडा, सही. मशीनची चूक: शून्य पूर्णांक चार. म्हणजे शहाण्णवचे फार तर साडेपंच्याण्णव होतील.

अक्षर फार सुंदर आलंय.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ढापण्याला सहज विचारलं, १२ जानेवारीची पेटी आठवते का. म्हणाला, न आठवायला काय झालं, दुसऱ्या दिवशी मी आलो तर तू तीच मशीनं पुन्हा एकदा तपासत होतीस, आम्हाला जेवायला थांबवून ठेवलंस. मिलीग्राम, तू तपासलेल्या काट्यावर मी माझी मुलगी डोळे मिटून ठेवीन.

एरवी छान वाटलं असतं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

वकिलांना सही माझी असल्याचं सांगितलं. ते हसले. मग त्यांना ठसका लागला, पाणी प्यायले, पुन्हा हसले. पंचवीस वर्षांत असं पाहिलं नाही म्हणाले. मग गंभीर झाले आणि झेरॉक्सवाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली.

"बघा, मी काही सुचवत नाही. पण सही करणाऱ्यानेच लिहून दिलं की त्या दिवशी नीट तपासणी झाली नव्हती, आणि तुमच्या लॅबने दाखला मागे घेतला, तर ते मशीन कोर्टात उभं राहत नाही. मशीन पडलं की केस पडली."

मी म्हटलं, पण मी तपासलं होतं.

"तुम्हाला शपथेवर आठवतंय?"

यावर विचार करायला हवा.

२ मार्च, सोमवार

विचार केला. सहा दिवस केला.

मला १२ जानेवारी आठवते का? कागद पाहिला म्हणून वाटतं की आठवते. ढापण्या बोलला म्हणून वाटतं. ही दोन्ही दुसऱ्यांची साक्ष झाली. माझी स्वतःची, कशाच्याही आधाराशिवायची आठवण? तिसाव्या रीडिंगच्या वेळी माझं लक्ष शंभर टक्के मशीनवर होतं असं मी छातीठोक सांगू शकते का? नाही. आणि छातीठोक सांगता येत नसताना 'तपासलं' असं म्हणणं हा खोटेपणा आहे. आईने मला असं शिकवलेलं नाही.

म्हणून साहेबांना पत्र लिहिलं: '१२ जानेवारी रोजी केलेल्या तपासणीच्या अचूकतेची मी खात्री देऊ शकत नाही.' तीन वेळा वाचलं. यातला एकही शब्द खोटा नाही.

पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवून आले. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. (नव्वद मिली.)

५ मार्च, गुरुवार

साहेबांनी दार लावून घेतलं. त्यांनी विचारलं की माझ्यावर कोणी दबाव आणतंय का. मी नाही म्हटलं. त्यांनी विचारलं की मी बरी आहे का. मी हो म्हटलं. मग ते पेपरवेट फिरवत म्हणाले की तुझ्या तोंडून हे ऐकायला लागेल असं वाटलं नव्हतं, दुसऱ्या कोणाच्याही तोंडून चाललं असतं.

नियमाप्रमाणे एका मशीनवर थांबता येत नाही. त्या आठवड्यातले माझ्या सहीचे सगळे दाखले मागे घ्यावे लागतील. एकतीस आहेत. साहेबांनी यादी पुढे केली, सही करायची होती. सात-आठ ग्राहकांची नावं वाचली, पुढचं वाचवेना. सही केली. चौकशी होईपर्यंत मी घरी थांबायचं.

एका परीने बरंच झालं. आता आईसाठी पूर्ण वेळ देता येईल.

ढापण्याने माझ्या सामानाची पेटी दारापर्यंत उचलून आणली. मिलीग्राम म्हणाला नाही. नाव घेऊन बोलला.

१० मार्च, मंगळवार

आई हल्ली जाताना-येताना व्हॅननेच जाते. मला त्रास नको म्हणून. मी घरीच असते हे तिच्या लक्षात आणून दिलं. ती म्हणाली, असू दे, व्हॅनवाला सावकाश चालवतो.

केस भक्कम आहे असं वकील म्हणतात. पत्र कोर्टात दाखल झालं.

१४ मार्च, शनिवार. संध्याकाळी ६.१५

दुपारी दोन वाजता केंद्रातून फोन आला. आईचं बीपी एकदम उतरलं. मी पोचले तेव्हा ती पांढरीफटक होती, पायात गोळे आल्यामुळे दोघीजणी तिचे पाय धरून होत्या. तासाभराने बोलायला लागली.

झालं ते असं. डायलिसिसच्या आधी पेशंटचं वजन करतात, त्यावरून अंगातलं किती पाणी काढायचं ते ठरतं. त्यांचा मोठा वजनकाटा बंद होता. त्याच्यावर पिवळं स्टिकर होतं: 'दाखला रद्द. वापरू नये.' स्टिकर आमच्या लॅबचं. म्हणून सिस्टरनी स्टाफच्या खोलीतला घरगुती काटा आणला. त्याने आईला पावणेदोन किलो जास्त दाखवलं. तेवढं पाणी जास्त काढलं गेलं.

मी सिस्टरना म्हटलं की तुमचा मोठा काटा बिलकूल बरोबर आहे, बेलाशक वापरा, मी स्वतः तीनदा तपासलाय.

"मग दाखला कोणी काढून घेतला?"

मी म्हटलं, तांत्रिक कारण आहे.

"ताई, तो बरोबर आहे ना? मग हे काय झालं?" त्या आईकडे हात करून उभ्या राहिल्या.

आई डोळे मिटून पडली होती. झोपली असावी.

१५ मार्च, रविवार

शांतपणे विचार केला तर दोष कोणाचा ते स्पष्ट आहे. विना दाखल्याचा घरगुती काटा पेशंटसाठी वापरणं हे चूकच. केंद्राकडे तक्रार करता येईल. मसुदा लिहायला घेतला. 'माझ्या आईला' यापुढे गेला नाही.

आई आज पेज घेऊन झोपली. तिने मला विचारलं की तो काटा तूच तपासलेला होतास ना. हो म्हटलं. नीट तपासलेला होतास ना. हो म्हटलं. मग तिने कूस बदलली.

निश्चय: साहेबांना सांगायचं की काटा बरोबर आहे, फक्त मशीनबद्दल शंका आहे. म्हणजे दोन्ही कामं होतील.

१६ मार्च, सोमवार

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, एकाच दिवशी, एकाच हाताने तपासलेल्या दोन वस्तू. एक तुला आठवते आणि एक आठवत नाही. असं मी वर लिहून पाठवू का. मी म्हटलं नको.

सगळं मागे घ्यायचं तर आजही घेता येईल, असंही म्हणाले. एक ओळीचं पत्र. कोर्टाची तारीख पुढच्या बुधवारी.

लायसन्स मिळालं की हे सगळं आपोआप सरळ होईल. मी स्वतः आईला नेईन, स्वतः काट्याजवळ उभी राहीन. आता नऊ दिवसांसाठी उलटसुलट लिहिण्यात अर्थ नाही. मोजपात्र आज फुटलं. ग्लासवर खूण करून घेतली.

२५ मार्च, बुधवार

सुटले.

अकरा मिनिटं लागली. सरकारी वकिलांनी मशीनचा आकडा वाचला, आमच्या वकिलांनी लॅबचं पत्र वाचलं. न्यायाधीश बाईंनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, हे दाखले देण्याचंच काम करता ना तुम्ही? मी हो म्हटलं. त्यांनी लिहायला घेतलं. मशीनचा आकडा ग्राह्य नाही. बॅरिकेड पाडल्याबद्दल दंड. लायसन्स परत.

बाहेर तोच हवालदार होता. मशीन त्याच्याकडून काढून घेतलंय, आणि त्या मशीनवर पकडलेले आणखी सतराजण आता अर्ज करतायत असं त्याने सांगितलं. त्यातल्या एकाने तर माणूस उडवलाय, म्हणाला. रागाने नाही बोलला. हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलला.

मी घरी येऊन लायसन्स आईच्या उशाशी ठेवलं. तिने ते उचलून फोटो पाहिला. म्हणाली, यात किती लहान दिसतेस.

दुरुस्ती: ५ फेब्रुवारीला साडेतीन नव्हे. हॉटेलात पाच, आणि केंद्राच्या पार्किंगमध्ये आईची वाट बघताना बाटलीतून थोडी. आता केस संपली आहे, त्यामुळे लिहायला हरकत नाही. सही.

२८ मार्च, शनिवार

आज आईला आणायला गाडी घेऊन गेले. काल गाडी धुतली, सीट पुसली, पुढच्या सीटवर उशी ठेवली. सकाळी दहाला थोडी घेतली होती, एवढ्या दिवसांचा ताण उतरला म्हणून. चार वाजेपर्यंत हिशेबाने चौदा येतात.

आई दाराबाहेर आली. मी पुढचं दार उघडून उभी होते. ती जवळ आली, थांबली. व्हॅनही तिथेच होती, आत दोन पेशंट बसलेले होते.

"त्या दिवशी मी मागे बसले होते," ती म्हणाली. "मी कायम पुढे बसते. तू विचारलंसुद्धा नाहीस."

मी म्हटलं, तू दमली होतीस म्हणून बसली असशील.

"दमले नव्हते गं. घाबरले होते. माझ्या लेकीच्या गाडीत बसायला घाबरले होते, आणि तुला वाईट वाटेल म्हणून तरी बसले." तिने माझ्या हनुवटीला हात लावला, लहानपणी पाढा चुकला की लावायची तसा. "आता नाही बसणार."

मी तिला कोर्टाचा निकाल सांगितला. मशीन ग्राह्य धरलं नाही हेही सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग व्हॅनवाल्याने हात दिला आणि ती चढली.

मी व्हॅनच्या मागे मागे निघाले. वाटेत त्याने दोघांना सोडलं, दोन्ही वेळा मी मागे थांबले, इंडिकेटर दिला. घरापाशी व्हॅनवाल्याने आईला उतरवलं, पायऱ्या चढवल्या, दारापर्यंत नेलं. मी गाडीत बसून होते. परत येताना तो माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, ताई, गाडीची किल्ली द्या.

मी विचारलं, का.

म्हणाला, आईंनी मागितलीय.

दिली.